सगळी घडणावळच

आंबा, काजू, बिब्बा आणि जपानमधले उरुशीचे झाड ही एकाच कुळातली मंडळी आहेत. कैरी देठाशी मोडताना उडालेला चीक गालावर कसा उठतो आणि बिब्बा उतला की अंगाची काय दशा होते, हे आपल्याकडे कोणाला वेगळे सांगावे लागत नाही. परीट पूर्वी याच बिब्ब्याने कपड्यांवर खुणा करीत आणि कपडा विटला तरी खूण जात नसे. उरुशीच्या चिकाचा गुणही याच जातीचा आहे. ओला असताना तो कातडीवर चट्टे उठवतो, आणि एकदा का घट्ट झाला की पाणी, आम्ल, मद्य यांपैकी कशालाही सहसा दाद देत नाही. जपानी कारागिरांनी हजारो वर्षे हा चीक वाडग्यांवर, पेट्यांवर, तलवारींच्या म्यानांवर आणि देवळांच्या खांबांवर चढवला. गेल्या शतकात एका अगदी व्यावहारिक अडचणीपायी तो शाईच्या पेनावरही चढला. त्यावर सोन्याच्या पुडीने चित्रे काढलेली पेने आज लाखांच्या घरात विकली जातात. मला मात्र त्या चित्रांपेक्षा चित्रांच्या खाली जे काही गाडलेले असते, त्याचेच कुतूहल अधिक वाटत आले आहे.

उरुशीचे झाड दहा-पंधरा वर्षांचे झाले की चीक काढणारा माणूस उन्हाळ्यापासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत काही काही दिवसांच्या अंतराने त्याच्या सालीवर आडव्या चिरा घेत जातो आणि चिरेतून पाझरलेला चीक खरवडून डब्यात जमा करतो. एका झाडाचा अख्ख्या हंगामाचा चीक जेमतेम २०० ग्रॅम भरतो, म्हणजे चहाचा एक मोठा कप. तो घेऊन झाला की झाड तोडतात आणि बुंध्यातून नवे धुमारे फुटण्याची वाट पाहतात. जपानमध्ये वापरला जाणारा बहुतेक चीक आता चीनमधून येतो. देशी चीक प्रामुख्याने उत्तरेकडच्या इवाते प्रांतात, जोबोजी नावाच्या भागात निघतो, आणि राष्ट्रीय वारसा असलेल्या इमारतींच्या दुरुस्तीला तोच वापरावा, असे जपान सरकारने २०१५ मध्ये ठरवल्यापासून तो आणखीच दुर्मीळ झाला आहे.

या चिकाची खरी नवलाई त्याच्या वाळण्यात आहे. एरवी रंग वाळतो म्हणजे त्यातले पाणी किंवा टर्पेंटाइन उडून जाते. उरुशीच्या चिकात लॅकेज नावाचे विकर असते; ते हवेतला प्राणवायू कामाला लावते आणि त्याच्या साहाय्याने चिकातले रेणू एकमेकांत गुंतून कठीण होतात. हे घडायचे तर हवेत भरपूर ओल आणि साधारण २० ते ३० अंशांची ऊब लागते. म्हणून चीक लावलेली वस्तू कारागीर उन्हात ठेवत नाही; ती तो मुद्दाम ओलसर राखलेल्या लाकडी कपाटात ठेवतो, जिथली आर्द्रता ७० ते ८५ टक्क्यांच्या आसपास असते. नाशिकच्या श्रावणात दोरीवरचे कपडे दुसऱ्या दिवशीही दमट लागतात, दारे चौकटीत अडकतात आणि डब्यातले पापड सादळतात. ही हवा आयती मिळाली असती तर त्या कारागिराचा कपाटाचा खर्च वाचला असता.

असे एक पेन मला निवांत पाहायला मिळाले ते आमच्या घरोब्यातल्या, गंगापूर रोडला राहणाऱ्या एका निवृत्त डॉक्टरांमुळे. जपानमधल्या एका वैद्यकीय परिषदेहून येताना त्यांनी ते घेतले होते आणि त्या खरेदीवरून घरात झालेली चर्चा अजून पूर्ण मिटलेली नाही. पेन काळे, जाडसर आणि अपेक्षेपेक्षा हलके होते. धातूचा गारवा त्याला नव्हता. हातात धरल्यावर थोड्याच वेळात ते हाताइतकेच कोमट झाले. काळ्या अंगावर दोन सोनेरी मासे होते. एक टोपणावरून खाली वळलेला, दुसरा नळीवरून वर येणारा, आणि दोघांच्या मधून पाणवनस्पतीच्या काही बारीक रेषा टोपणावर उगम पावून नळीवर संपत होत्या. डॉक्टरांनी टोपण फिरवून काढले, पुन्हा लावले, आणि रेषा रेषांना मिळाल्या. पेनाचे आटे एकाहून अधिक सुरुवातींचे असले की टोपण तितक्याच निरनिराळ्या जागी घट्ट बसते, पण चित्र त्यांतल्या एकाच जागी जुळते. ती जागा चित्रकाराने आधी हेरलेली असते आणि मालकाने पुढे जन्मभर शोधायची असते.

भिंगाखाली धरल्यावर माशाचे अंग निराळेच दिसू लागले. पाठीकडे सोन्याचे कण दाट होते, पोटाकडे ते विरळ होत गेले होते, आणि शेवटी एकेक कण सुटा होऊन काळ्यात हरवला होता. मासा कुठे संपला आणि पाणी कुठे सुरू झाले, याची सीमारेषा काढलेलीच नव्हती. डोळ्याच्या जागी शिंपल्याचा मोहरीहून लहान तुकडा जडवलेला होता. पेन थोडे कलले की तो हिरवा दिसे, आणखी कलले की गुलाबी. आणि या सगळ्यांतली सर्वांत अवघड गोष्ट अशी की हे चित्र कोणालाही एका नजरेत पाहता येत नाही. गोल नळीवर चित्राचा काही भाग नेहमीच पलीकडे राहतो, त्यामुळे बोटांनी पेन फिरवावे तसतसे ते उलगडेल, अशी त्याची मांडणी करावी लागते. भिंतीवरच्या चित्राला ही जबाबदारी नसते.

पेनावर हे रोगण आले त्याचे कारण मुळीच काव्यमय नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी चांगली पेने एबोनाइटची करीत. रबरात भरपूर गंधक मिसळून ते तापवत ठेवले की हा काळा, कठीण पदार्थ तयार होतो. तो लेथवर सुरेख कातला जातो आणि शाईने खराब होत नाही, पण उजेडात राहून राहून त्याचा काळा रंग विटतो आणि त्यावर मळकट तपकिरी-हिरवट छटा येते. १९१८ मध्ये र्‍योसुके नामिकी यांनी सहकारी मासाओ वादा यांच्यासह टोकियोत पेनांची कंपनी काढली, तीच पुढे पायलट या नावाने जगभर गेली. विटणाऱ्या एबोनाइटवर उपाय म्हणून त्यांनी १९२५ च्या सुमारास त्यावर उरुशीचे रोगण चढवण्याची रीत बसवली. डाग लपवण्यासाठी दिलेला थर इतका देखणा निघाला, की त्यावर चित्र काढण्याची कल्पना सुचणे ओघानेच आले. त्यासाठी त्यांना गोनरोकु मात्सुदा हे तरुण लाखकलाकार लाभले. कानाझावाला १८९६ मध्ये जन्मलेल्या मात्सुदांना पुढे १९५५ मध्ये त्यांच्या देशाने जिवंत राष्ट्रीय ठेवा म्हणून गौरवले. तरुणपणी मात्र ते पेनांच्या नळ्यांवर सोने भुरभुरत होते. १९३० मध्ये लंडनच्या आल्फ्रेड डनहिल या चैनीच्या वस्तू विकणाऱ्या पेढीशी नामिकींचा करार झाला आणि ही पेने दोन्ही नावांनी युरोपात पोहोचली. १९३१ मध्ये मात्सुदांभोवती कोक्कोकाई नावाचा कारागिरांचा गट उभा राहिला. तो गट आजही आहे, आणि त्यातला कारागीर पेनावर स्वतःची सही करतो. कारखान्यातून निघालेल्या मालावर कामगाराचे नाव असावे, ही आपल्याकडे अजूनही नवलाची गोष्ट आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. एबोनाइटची कांडी लेथवर कातताना ती हवी त्यापेक्षा केसभर बारीक ठेवतात, कारण वर चढणाऱ्या थरांची जाडी आधीच वजा धरावी लागते. हा हिशेब चुकला तर चित्र कितीही सुंदर उतरले तरी टोपण बसत नाही. मग कच्च्या चिकात बारीक माती कालवून त्याचे लेपण देतात, ते कपाटात कठीण होऊ देतात, पाण्याबरोबर घासून सपाट करतात. त्यावर काळ्या रोगणाचे थर. हा काळा रंग काजळी घालून आणलेला नसतो. चिकात लोखंडाचा अंश मिसळला की दोहोंच्या संयोगातून तो चीक स्वतःच काळा होतो. मायफळ आणि हिराकस यांच्यापासून केलेली जुनी कायम टिकणारी शाईसुद्धा लोखंडामुळेच काळी होत असे. म्हणजे पेनाच्या बाहेरचा काळा आणि एके काळी पेनाच्या पोटात भरला जाणारा काळा यांचे मूळ एकच निघते, आणि हा योगायोग मला फार आवडतो.

रोगण लावण्याचा कुंचला माणसाच्या लांब केसांचा असतो. केस लाकडी पट्ट्यांमध्ये चिकटवून बसवतात, आणि टोक झिजले की पेन्सिलीला करतात तसे लाकूड तासून पुढचे केस मोकळे करतात. रोगणाचा हात अतिशय पातळ द्यावा लागतो. थर जाड पडला की वरचा पापुद्रा आधी घट्ट होतो आणि दुधावरच्या सायीसारख्या त्याला सुरकुत्या पडतात. मग तो थर काढून टाकण्यावाचून गत्यंतर नसते. धुळीचा एक कण बसला तरी तीच गत. एकेका थरानंतर कपाट, मग कोळशाने घासणे, मग पुन्हा थर. हा कोळसा चुलीतला नव्हे. विशिष्ट झाडांच्या लाकडाचा, मऊ आणि एकसारख्या पोताचा असा खास भाजलेला असतो. लेपण, रोगण आणि घासणे यांचे फेरे महिनोन्महिने चालतात, आणि तोवर चित्राची एक रेषाही उमटलेली नसते.

चित्राचा आराखडा पातळ कागदावर काढून, त्याच्या रेषा मागून चिकाने गिरवून, तो नळीवर दाबून उतरवतात. मग त्या पुसट रेषांवर कारागीर उंदराच्या केसांच्या कुंचल्याने तांबूस रोगणाची रेघ ओढतो. ही रेघ चिकट असेपर्यंतच तिच्यावर सोने पडले पाहिजे. रेघ फार ओली असताना पडले तर ते रोगणात बुडते आणि निस्तेज दिसते, उशीर झाला तर धरत नाही. सोने एका बारीक नळीतून भुरभुरतात. तिच्या टोकाला रेशमी जाळी ताणलेली असते आणि नळीवर बोटाने हलके टिचकी मारीत कारागीर कण पाडत जातो. पाठीवर टिचक्या जास्त, पोटाकडे कमी. मी भिंगातून पाहिलेला तो विरळ होत गेलेला मासा म्हणजे या टिचक्यांची नोंद होती. सोन्याचा कीसही एकाच प्रकारचा नसतो. गोल दाण्याचा निराळा, चपटा निराळा, आणि वर्खापासून केलेली अगदी पिठासारखी पूड निराळी. कुठे कोणती वापरायची यावरून सोन्याची झळाळी ठरते.

यानंतर जे करतात ते पहिल्यांदा वाचले तेव्हा मला खरे वाटेना. एका पद्धतीत तयार झालेले चित्र पूर्णपणे काळ्या रोगणाखाली गाडून टाकतात. मासे, वनस्पती, सोने, सगळे नाहीसे होते आणि हातात पुन्हा एक काळी नळी उरते. ती कठीण झाली की कोळसा आणि पाणी घेऊन घासायला बसतात, आणि घासता घासता खालचे सोने वर येऊ लागते. किती घासायचे हे सांगणारे कोणतेही माप नाही. कमी घासले तर मासा धुरकट राहतो, एक हात जास्त पडला तर सोने उडते, आणि गोल नळीवर हा अंदाज दर अंशाला बदलतो, कारण उंचवट्यावर कोळसा जास्त लागतो. शेवटची झिलई हरणाच्या शिंगाची बारीक पूड आणि तेल घेऊन बोटाच्या पेराने देतात. या पद्धतीत चित्र आणि जमीन एकाच पातळीत येतात. दुसऱ्या पद्धतीत चित्राखाली कोळशाची पूड आणि रोगण यांचा उठाव देऊन ते जमिनीच्या वर आणतात, आणि अतिशय मानाच्या कामांत दोन्ही पद्धती एकाच चित्रात येतात. माझी पसंती विचाराल तर ती पहिलीला आहे. उठावाचे काम डोळ्यांना लगेच दिपवते, पण सपाट चित्रातली खोली पाहायला पुन्हा पुन्हा जावेसे वाटते.

डॉक्टरांच्या घरातली जुनी चांदीची अत्तरदाणी दुरुस्तीला द्यायची होती, म्हणून आम्ही सराफ बाजारात त्यांच्या नेहमीच्या कारागिराकडे गेलो होतो. गोदेला मोठा पूर आला की पाणी या बाजारापर्यंत चढते, त्यामुळे इथल्या जुन्या दुकानांच्या भिंतींना ओल कायमची मुरलेली आहे. अत्तरदाणीचे बोलणे झाल्यावर डॉक्टरांनी खिशातले पेन काढून त्याच्यापुढे धरले. त्याने डोळ्याला भिंग लावले आणि आधी मासे पाहिलेच नाहीत. टोपण काढून त्याच्या आतली कड पाहिली, मग आट्यांच्या कडेला रोगण कुठे थांबले आहे ते पाहिले, आणि नंतर कुठे अंगठ्याचे नख माशावरून काळ्यावर हळूच ओढले. नख कुठेही अडले नाही.

“वर बसवलेले नाही, आत आहे,” तो म्हणाला.

“सोने किती असेल?” मी विचारले.

“कीस आहे हा, ताई. सगळा उतरवून वितळवला तर गुंज-दोन गुंज निघेल.” मग डॉक्टरांकडे वळून त्याने त्याच्या धंद्यातला नेमका प्रश्न केला, “साहेब, घडणावळ किती लावली त्यांनी?”

“सगळी घडणावळच,” डॉक्टर म्हणाले.

तो मोकळेपणाने हसला आणि म्हणाला, “आमच्याकडे घासाघीस सुरू होते तीच घडणावळीपासून.”

त्याचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. दागिन्याच्या बिलात सोन्याचा भाव आपण मुकाट्याने मान्य करतो, कारण तो फळ्यावर लिहिलेला असतो. हुज्जत घालतो ती मजुरीवर. मोडीत घालताना तर घडणावळ शून्य धरली जाते, म्हणजे माणसाने केलेले काम जणू कधी झालेच नव्हते असा हिशेब असतो. येवल्याच्या हातमागावरच्या पैठणीचेही असेच. अंगभर मोर असलेल्या पदराला महिने लागले, हे विणकराने सांगितले तरी गिऱ्हाईक जरतार खरी आहे का, हेच दोनदा विचारते. जपानी पेनाच्या किमतीत सोने नगण्य, एबोनाइट त्याहून नगण्य. उरलेला सगळा आकडा कोणा एका माणसाच्या हाताचा, त्या हाताला लागलेल्या वळणाचा आणि कपाटाबाहेर वाट पाहत घालवलेल्या दिवसांचा. हा आकडा योग्य की अवास्तव, यावर वाद होऊ शकतो, आणि त्यात दुकानदाराचा, जाहिरातीचा आणि मखमली पेटीचा वाटा किती, हेही विचारायला हवे. पण घडणावळ हीच वस्तूची किंमत, हे उघडपणे मान्य करणारा एक तरी व्यवहार जगात आहे, याचे मला समाधान वाटते.

माझे मोठे काका या मताचे नव्हते. ते नाशिकरोडला प्रेसमध्ये होते. नाशिकमध्ये “प्रेसमध्ये आहे” म्हटले की कोणता छापखाना, असे कोणी विचारत नाही. १९२८ पासून जिथे नोटा छापल्या जातात तिथे उभी हयात काढलेल्या माणसाला बारकाव्याचे कौतुक ते काय असणार? अशा पेनांची छायाचित्रे त्यांना दाखवली तेव्हा ते म्हणाले होते, “यापेक्षा बारीक रेघा आमचे यंत्र ओढते, आणि लाखो वेळा तशाच ओढते.” त्यांचे म्हणणे खोडून काढता येत नाही. नोटेवरच्या गुंतागुंतीच्या नक्षीच्या रेषा हाताच्या आवाक्याबाहेरच्या असतात, आणि त्या तशा असाव्यात हाच त्यांचा उद्देश असतो. पण नोटेवरची प्रत्येक रेघ आधी ठरलेली असते आणि दर नोटेवर तशीच यावी लागते. पेनावर सोने भुरभुरणाऱ्याला पुढची टिचकी मारायची की थांबायचे, हे प्रत्येक टिचकीला नव्याने ठरवावे लागते, आणि भिंगातून दिसतो तो त्याचा निर्णय. काकांना हे पटले नाही. “निर्णय चुकला तर तो नग रद्द, एवढेच ना?” असे म्हणून त्यांनी विषय संपवला.

पेन शेवटी लिहिण्यासाठी आहे, आणि इथे थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. चित्र कितीही थोर असले तरी लिहिते ती निब. १४ किंवा १८ कॅरेट सोन्याच्या पातळ पत्र्याला बाक देऊन, टोकाला इरिडियमच्या जातीच्या अतिकठीण मिश्रधातूचा बारीक मणी जोडून, मग मधोमध चीर पाडलेली असते. सोने मऊ आणि शाईच्या आम्लाला न जुमानणारे म्हणून निबेला सोने; कागदावर घासून ते झिजू नये म्हणून टोकाला कठीण मणी. शाई खाली येते ती चिरेतून आणि निबेखालच्या, शाळेत आम्ही जिला जीभ म्हणत असू त्या भागातल्या बारीक खाचांमधून, केशाकर्षणाने; आणि जेवढी शाई बाहेर जाते तेवढी हवा आत शिरते. १८८४ मध्ये लुईस वॉटरमन यांनी अमेरिकेत पेटंट घेतले ते याच येण्याजाण्याला शिस्त लावण्यासाठी. नामवंत कंपनीच्या साध्या काळ्या पेनाची निब आणि त्याच मापाच्या चित्रांकित पेनाची निब यांत लिहिण्याच्या दृष्टीने मला तरी मोठा फरक जाणवला नाही. ज्याला केवळ उत्तम लिहिणारे पेन हवे आहे, त्याने या वाटेला जाऊ नये. त्याची गरज फार थोड्या पैशांत भागते.

नकलांबद्दलही दोन शब्द. प्लास्टिकच्या नळीवर छापाच्या जाळीतून सोनेरी रंगाचे चित्र उतरवून त्यालाही या सोने भुरभुरण्याच्या कलेचे ‘माकि-ए’ हे जपानी नाव लावण्याची पद्धत आता सर्रास आहे. छापील म्हणून ती स्वस्तात विकली तर माझी काहीच तक्रार नाही. ओळखायची खूण सोपी आहे: भिंगाखाली छापील माशाची कड सगळीकडे सारखी दिसते आणि त्याच्या रंगात सुटे कण नसतात. मर्यादित संख्येत काढलेल्या, प्रत्येकावर क्रमांक असलेल्या, हिरे जडवलेल्या पेनांविषयी मात्र माझे मत कलुषित आहे. तिथे पुन्हा मालाची किंमत घडणावळीच्या डोक्यावर बसते.

हे सगळे लिहिताना गोदावरीच्या दुसऱ्या टोकाकडची एक गोष्ट राहून राहून आठवते. आपल्या त्र्यंबकेश्वरी उगम पावून नाशकातून वाहणारी ही नदी समुद्राला मिळण्याआधी राजमहेंद्रीवरून जाते, आणि त्या गावात १९३२ पासून रत्नम घराणे एबोनाइटची पेने हाताने लेथवर कातत आले आहे. परदेशी पेनांना देशी पर्याय हवा, या गांधीजींच्या आग्रहातून हे काम उभे राहिले, आणि १९३५ मध्ये पेन हाती आल्यावर गांधीजींनी त्याची पसंती पत्राने कळवली. म्हणजे मात्सुदा आणि त्यांचे सहकारी टोकियोत एबोनाइटवर सोने भुरभुरत होते, त्याच वर्षांत गोदेच्या काठी एबोनाइटचे पेन खादीच्या विचाराने घडत होते. एकाच कांडीला दोन टोकांचे संस्कार मिळाले. चित्राची परंपराही आपल्याकडे तोकडी नाही. सावंतवाडीचे चितारी हातांनी रंगवलेल्या गंजिफांवर आणि लाकडी वस्तूंवर लाखेचा हात देतात. आपली लाख झाडाच्या चिकाची नसून कीटकांनी स्रवलेली, तिचे तंत्र निराळे, पण रंगाला वरून झिलईत कोंडण्याची ओढ तीच. काश्मीरच्या कागदी लगद्याच्या कामाला तर एके काळी कलमदानांवरून कार-ए-कलमदानी म्हणत. राजमहेंद्रीची कांडी आणि सावंतवाडीचा कुंचला एका पाटावर बसवायचे कोणी मनावर घेतले, तर त्या पेनासाठी रांगेत उभी राहणारी पहिली मी असेन, घडणावळ न घासता.

जपानमध्येही हे सगळे सुखासमाधानात चालले आहे, असे नाही. लाखकामासाठी प्रसिद्ध असलेल्या वाजिमा गावाला १ जानेवारी २०२४ रोजी नोतो द्वीपकल्पातल्या मोठ्या भूकंपाने जबर तडाखा दिला. घरे पडली, आग लागली, कारागिरांच्या कार्यशाळा गेल्या. लेपणात घालायची तिथली खास माती, अनेक वर्षे वापरून हाताला बसलेले कुंचले आणि शिकाऊ मुले हे सगळे एका गावात एकवटलेले असते, तेव्हा गाव हलले की कलाही हलते. इमारत पुन्हा बांधता येते. हात तयार व्हायला मात्र वर्षे लागतात, आणि सुरुवातीची त्यांतली काही तर केवळ चिकाने अंगावर उठणारे चट्टे सोसण्यात जातात.

डॉक्टर पेनाची निगा स्वतः राखतात. उरुशीचा एकच खरा शत्रू, ऊन. त्यातल्या अतिनील किरणांनी झिलई मरते, म्हणून पेन खिडकीपाशी ठेवायचे नाही. पुसायचे ते जुन्या मलमलीने, आणि पाण्यात बुडवून ठेवायचे नाही. बाकी ते वापरायलाच हवे, असे त्यांचे मत आहे आणि ते बरोबरही आहे, कारण हे रोगण वर्षे जातील तसे अधिक पारदर्शक होत जाते आणि त्याखालचे सोने अधिक उजळ दिसू लागते. पुढे कधी टवका उडालाच तर तो उरुशीनेच भरून काढता येतो. दवाखाना बंद केल्यापासून त्यांना औषधांच्या चिठ्ठ्या लिहायच्या नसतात. या पेनाने ते आता वर्तमानपत्रांच्या संपादकांना पत्रे लिहितात: रस्त्यातले खड्डे, गोदेत सोडले जाणारे सांडपाणी, कॉलेज रोडवरची वाहनकोंडी. मजकूर दोनदा वाचून, स्वाक्षरी करून, शाई वाळल्यावर ते कागद नातीच्या हवाली करतात. वर्तमानपत्रवाले हल्ली पत्र ई-मेलनेच मागतात, त्यामुळे ती ते फोनवर टाइप करते आणि मूळ कागद डॉक्टर एका फाइलीत लावून ठेवतात.